ओंजळीतलं पाणी

सूर्योदय होऊन सहा घटका झाल्या होत्या, तेव्हा हे सगळं सुरू झालं. कुंभवती नगरीत उग्रबाहू राजाचं राज्य होतं आणि त्या जन्मी बोधिसत्त्व त्याचे पुरोहित होते.

देवीचं पहिलं स्नान कुंभवतीच्या घाटावर की नदीपलीकडच्या रेवतग्रामाच्या, यावरून भांडण पेटलं होतं. खरं तर दोन्हीकडे देवी एकच. तरी राजाने सैन्य उभं केलं. पण संकल्पाचं पाणी सोडल्याशिवाय शस्त्र उचलायचं नाही, अशी तिथली रीत होती.

मुहूर्ताला बोधिसत्त्वांनी राजाच्या ओंजळीत पाणी घातलं. "महाराज, कशासाठी ते देवीला सांगा आणि पाणी सोडा."

"विजयासाठी."

"तो कुणाला मारून? पूजेत आपण घरातल्या एकेकाचं नाव घेतो. ज्यांचा जीव मागताय, त्यांचंही नाव घ्या."

"शत्रू म्हणा की!"

"शत्रू हे नाव कुठल्या आईने ठेवलंय, महाराज?"

सेनापती हसला. "आचार्य, मारायच्या माणसाच्या बारशाला जाऊन यायचं का आता?"

गर्दीत उत्पला उभी होती. पदराखाली तान्हं बाळ, समोर सैनिकांच्या रांगेत नवरा. जीव नुसता घाबरा झालेला, तरी ती बोलली. "मला एक नाव येतं. वासवी. पलीकडची सुईण. पुरात होडी घालून आली, म्हणून मी आणि हे लेकरू जगलो. घ्या तिचं नाव."

"बाई, गप्प बस!" सेनापती ओरडला.

तेवढ्यात रांगेतून कुणीतरी म्हणालं, "माझा साडू आहे तिकडे. आहे मोठा भांडखोर, पण त्याचं नाव कसं घेऊ?" मग आणखी नावं येऊ लागली.

राजा पाणी न सोडता एकेक नाव ऐकत होता. बोटांच्या फटींतून पाणी गळत राहिलं. ओंजळ रिकामी झाली आणि मुहूर्त टळला.

राजाने ओला हात कपाळाला लावला. "जा, घरी जा सगळे. यंदा देवीला त्यांच्या घाटावर आधी न्हाऊ दे."

उत्पलाने बाळ नवऱ्याच्या हातात दिलं.

भिक्षूंना एवढं सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "तो राजा म्हणजे इथे मागे बसलेला भिक्षू अभयमित्र. उत्पला म्हणजे भिक्षुणी क्षेमंकरी. आणि पुरोहित मी होतो. पलीकडच्या माणसाला नाव असतं, हे ध्यानात ठेवणं म्हणजे मैत्री."

ही गोष्ट लेकरांना सांगा, शेजारणीला सांगा. आणि पलीकडच्या काठावर कुणी ओळखीचं असेल, तर त्यांच्याही कानावर घाला.