हैबतीचं विरजण

एक राजा होता, पण आपली गोष्ट त्याची नाही. राजाच्या गोष्टी सांगायला राजाकडे पगारी माणसं असतात. आपली गोष्ट त्याच्या एका शिपायाची. हैबती त्याचं नाव. डोंगरातलं गाव, घरात म्हातारी आई आणि एक म्हैस. बस्स.

एकदा काय झालं, समुद्रापलीकडच्या राजाने निरोप धाडला, की आमच्या किल्ल्यावर पहाऱ्याला माणसं कमी पडतात, तुमची चांगली माणसं द्या. आमच्या राजाने हैबतीची तुकडी नेमली. हैबतीने समुद्र कधी पाहिला नव्हता. आईने तर त्याचं नावही नीट ऐकलं नव्हतं.

"आये, खुशाली कशी कळायची गं तुला?" हैबती म्हणाला.

आई उठली. दह्याच्या मडक्यातलं थोडं विरजण तिने एका लोटक्यात काढलं आणि म्हणाली, "हे घे. तू तिकडं रोज लाव, मी इकडं रोज लावते. दोन्ही एकाच मडक्यातलं आहे. तुझं लागलं तर माझं लागेल. मग मी समजेन, लेक माझा बरा आहे."

आता विरजण म्हणजे काय चीज आहे, ऐका. मी जन्मभर तराजू धरला, गूळ विकला, मिरची विकली, पण विरजण विकलं नाही. ते मागायचं असतं आणि द्यायचं असतं. आमच्या बाजारात एका शहाण्याने ते विकायला मांडलं होतं. सगळ्या बाजाराने येऊन बघितलं, हसले आणि गेले. शेवटी बिचाऱ्याने स्वतःच भाताबरोबर खाल्लं.

असो. मग हैबती बंदरावर आला. गलबतात चढला. मांडीवर लोटकं घेऊन बसला, हलू नये म्हणून. त्यांचा जमादार होता मोठ्या मिशांचा. तो म्हणाला, "काय रे, पहाऱ्याला चाललास का गवळीवाड्यात?"

सगळे हसले. पण गलबतावर एक शेळी होती. हैबतीने तिचं दूध कोमट केलं, विरजण लावलं. सकाळी दही लागलं! आणि तिकडे गावात आईने झाकण काढलं, तर तिचंही लागलेलं. चव घेतली, तर म्हशीच्या दह्याला शेळीचा वास! आई हसली. "गलबतात शेळी दिसते," म्हणाली.

मग काय झालं, की शिपाई रोज संध्याकाळी हैबतीभोवती बसायला लागले. एक म्हणायचा, आमच्याकडे दही शिंक्यावर असायचं. दुसरा म्हणायचा, माझी आई मडक्याला फडकं बांधायची, जुन्या लुगड्याचं, हिरवं. तिसरा नुसता वास घ्यायचा. थट्टा बंद झाली, बरं का.

मग वारा पडला. गलबत जागच्या जागी उभं. शेळी आटली. दूध कुठून आणायचं? हैबतीने नारळ किसला, पिळला, आणि त्या रसाला विरजण लावलं. लागेल का? लागलं की! आणि तिकडे आईच्या मडक्यातून असा नारळाचा घमघमाट सुटला, की सारी आळी वाट्या घेऊन दारात. शेजारची ठमाकाकू आली. जीभ तिची तिखट, पण चमचा सगळ्यात मोठा तिचाच. "लेक तुझा चैनीत आहे गं," म्हणाली.

मग तिसऱ्यांदा मात्र वाईट वेळ आली. वारा सुटला तो वादळ होऊनच. किनारा समोर दिसत होता आणि गलबत खडकावर आपटलं. फळ्या उचकटल्या, पाणी आत. माणसं सगळी डोंगरातली, पोहायला कुणाला येतंय!

हैबतीच्या हातात लोटकं होतं. तळाशी तेवढंच विरजण. त्याने समुद्राकडे पाहिलं. पाणी दिवसभराच्या उन्हाने कोमट झालेलं होतं. पण हे टाकलं, तर उद्या लावायचं काय? आईचं मडकं लागणार नाही. ती काय समजेल?

शेजारचा शिपाई त्याला बिलगून म्हणाला, "हैबती, माझीबी आई आहे रे घरी."

मग हैबतीने लोटकं समुद्रात उपडं केलं आणि ओरडला, "कुणी हलायचं नाही! विरजण लावलंय!"

आणि काय सांगू, सगळे जागच्या जागी गप्प! कारण लहानपणी विरजणाचं भांडं हलवलं म्हणून प्रत्येकाने आईचा धपाटा खाल्लेला. बुडायच्या भीतीपेक्षा ती भीती जुनी. एवढी माणसं श्वास रोखून उभी राहिलेली बघून समुद्रही बावचळला. लाटा थांबल्या. पाणी पांढरं झालं, दाट झालं, आणि गलबतापासून किनाऱ्यापर्यंत दही लागलं!

मग एकामागून एक, हळूहळू पावलं टाकत सगळे निघाले. जमादार घाईत होता. तो मिशांसकट तोंडावर पडला. त्याला ओढून काढला. शेवटचा माणूस वाळूवर पोचला आणि दह्याचं पुन्हा पाणी झालं.

सगळे वाचले. हैबती एकटा रिकामं लोटकं घेऊन बसला.

तिकडे आईने झाकण काढलं. मडक्यात नुसतं दूध. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. ठमाकाकू आपल्याकडचं विरजण घेऊन आली. "हे लाव गं. तुझ्याच घरून नेलेलं आहे."

आई म्हणाली, "याने दही लागेल, ठमे. पण ते त्याचं आहे हे मला कसं कळेल?" आणि मडकं घासायला तिने राख हातात घेतली. मग हात थांबला. "आजचा दिवस लावते," म्हणाली. तळाला चिकटलेलं होतं, त्याच्यावरच दूध ओतलं.

त्याच दिवशी हैबतीची तुकडी चालत चालत एका गावात पोचली. वाटेत प्यायला पाणी नव्हतं, मिशा कोण धुतोय! एका म्हातारीने त्यांना दूध दिलं. भाषा कळेना, पण दुधाला भाषा लागत नाही. हैबतीने वाटी घेतली आणि वर पाहिलं, तर जमादाराच्या मिशीत पांढरं काहीतरी वाळलेलं!

"अरे, माझ्या मिशीला हात?" जमादार गरजला.

"जमादारसाहेब, हलायचं नाही," हैबती म्हणाला.

जमादार हलला नाही. हसू नका रे, एवढा मोठा माणूस, पण हलला नाही. हैबतीने मिशीतलं ते वाळलेलं दही नखाने खरवडलं आणि वाटीतल्या दुधाला लावलं.

दुसऱ्या सकाळी आईने झाकण काढलं. दही लागलं होतं! तिने बोटावर घेतलं, जिभेवर ठेवलं आणि तशीच उभी राहिली.

"काय गं?" ठमाकाकूने विचारलं.

"खारट आहे."

"भांड्यात रडली असशील तू."

"नाही गं ठमे," आई म्हणाली. "मी अजून रडलेच नव्हते. माझा लेक समुद्र उतरला." आणि मग ती मडक्याशेजारी बसली आणि पोटभर रडली. ठमाकाकूही रडली, पण दह्याची वाटी काही खाली ठेवली नाही तिने.

पुढे हैबतीचा पहारा संपला, तो घरी आला. आईने भाकरतुकडा ओवाळून टाकला, डोळ्यांना पाणी लावलं आणि त्याला घरात घेतलं. म्हैस व्याली, घर भरलं. ते त्यांच्या डोंगरात सुखी राहिले, तुम्ही तुमच्या अंथरुणात सुखी राहा. पाय आत घ्या, डोळे मिटा. दिवा बारीक करतेय मी.