जखमेची विचारपूस

पूर्वी वाराणसीत सुबाहू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व नगराबाहेरच्या उंबरांच्या रानात वानर होऊन जन्मला होता. राजाला या वानरांची खबर नव्हती आणि वानरांना राजाची. दोघांचेही बरे चालले होते.

त्या कळपात एक प्रेमळ चाल होती. कुणाला जखम झाली की सारे नातेवाईक विचारपुशीला येत आणि किती खोल गेली आहे ते पाहायला जो तो ती बोटांनी उघडून बघे. पडून सहसा कुणी मरत नसे. विचारपुशीने मात्र बरेच गेले होते. लोमक नावाच्या तरुण वानराचा बापही तसाच गेला.

एकदा फांदी मोडून लोमक खुंटावर पडला आणि त्याची मांडी फाटली. म्हातारा बोधिसत्त्व त्याच्याजवळ येऊन बसला.

“दोन्ही हातांनी फांदी धर. खाज सुटली की दाब.”

“पण आजोबा, खाज मांडीला सुटते.”

“म्हणूनच फांदी दाब.”

तेवढ्यात लोमकची मावशी गोतावळा घेऊन आली. “बघू तरी दे रे, माझ्या राजा!”

बोधिसत्त्व आडवा बसला. “लांबूनच बघ.”

“लांबून बघायला मी काय परकी आहे?” तो हलेना, तेव्हा मावशीने मायेच्या भरात त्याच्या दंडाचा लचका तोडला. मग निदान ही तरी जखम बघू, म्हणून सगळे पुढे सरकले.

“पलीकडच्या झाडाला उंबरं पिकलीत,” बोधिसत्त्व शांतपणे म्हणाला. खरोखरच पिकली होती. गोतावळ्याचे दुःख तिकडे गेले.

पुढे जखम सुकू लागली, तशी खाज वाढली. एका दुपारी लोमकला अगदी राहवेना. बापाचे मरण डोळ्यांपुढे होते, तरी एक हात फांदीवरून सुटलाच. तेव्हा शेजारी त्याच फांदीवर आवळलेली म्हाताऱ्याची बोटे त्याला दिसली.

“आजोबा, तुम्हालाही खाज सुटते?” म्हाताऱ्यांना ती सुटतच नाही, अशी त्याची समजूत होती.

“तुझ्यापेक्षा जास्त. माझ्या जखमेपर्यंत तर दातही पोचतात.”

लोमकला हसू आले. सुटलेला हात त्याने म्हाताऱ्याच्या हातावर ठेवला आणि दाबून धरला.

दोघांच्या जखमा भरल्या. फांदीची साल तेवढी गेली.

ही कथा शास्त्याने, म्हणजे बुद्धाने, एका भिक्षूला सांगितली. त्याला कुणीतरी टोचून बोलले होते आणि तो ते शब्द रोज नव्याने आठवून बघत असे. शास्ता म्हणाला, “तेव्हाचा लोमक म्हणजे तू. मावशी आणि तिचा गोतावळा म्हणजे ‘नेमकं काय म्हणाला रे तो?’ असं तुला येता-जाता विचारणारे तुझे सोबती. म्हातारा वानर मीच होतो.”

दुःख होत असतानाही हात आवरून धरणे, यालाच क्षांती म्हणतात.