सुखाच्या सात गाठींची कहाणी

ऐका बायांनो, सुखाईची कहाणी. हातात अक्षता घ्या, चुलीपाशी राहिलेलं मन घटकाभर इथं आणा.

आटपाट नगर, त्या नगराच्या खालच्या अंगाला कोष्ट्यांची आळी. तिथं केसू कोष्टी माग चालवी, त्याची बायको भिवरा रहाटावर सुताच्या कांड्या भरी. दोन मुलगे होते, त्यांच्या पाठीवर एक मुलगी, मंजी.

एके वर्षी नगरात ताप आला. थोरला पडला. भिवरा देवीच्या देवळात गेली, पदर पसरला. म्हणाली, "आई, मला गुळाची फार गोडी. आजपासून गूळ सोडला, माझं लेकरू वाचव." गूळ सुटला, मग लेकरूही हातचं सुटलं.

मग धाकटा पडला. भिवरा पुन्हा गेली. "आई, गुळानं तुझं भागलं नाही. मला फुलांची हौस. आजपासून वेणीत फूल माळणार नाही." फूल सुटलं, मग धाकटाही गेला.

मग मंजी पडली. भिवरा तिसऱ्यांदा गेली. "आई, रहाटावर बसलं की मला गाणं येतं. गाणं सोडलं. आता एवढी तरी ठेव." गाणं सुटलं. मंजी मेली नाही, पण उठलीही नाही. एक पाय लुळा पडला, वाचा बसली.

आळीतल्या बाया भिवरेला धन्य म्हणू लागल्या. शेजारची अंबूकाकी म्हणाली, "आई असावी तर अशी. पण बघ हो, काही राहून गेलं असेल. देवी अर्ध्यावर थांबलीय म्हणजे तिला अजून काही हवंय."

मग भिवरेनं मनाचा कोपरान् कोपरा झाडला. उन्हात बसणं सोडलं. नदीवर बायांत बोलणं सोडलं. शेवटी एकच सुख उरलं, मंजीला मांडीवर घेणं. तेही देवीला वाहिलं.

मग पोर कोपऱ्यात, आई उंबऱ्यात. वाटी लांबून सरकवायची आणि तोंड फिरवायचं. केसूच्या हातून पोर खाईना. तो म्हणाला, "अगं, जवळ तरी घे तिला."

"घेतली तर जाईल."

"आणि न घेता राहील का?"

भिवरेनं पुन्हा वाटी लांबूनच सरकवली. मंजी वाळत चालली. एके दिवशी तिनं वाटीकडं बघणंही टाकलं.

त्या दिवशी आळीत एक बाई आली. डोक्यावर पाटी, हातात लाल दोऱ्याचं रीळ. "सुया घ्या, दाभण घ्या," करीत दारात थांबली.

भिवरा म्हणाली, "मला काही नको, बाई."

"घेऊ नकोस. घोटभर पाणी तर देशील? की पाणीही सोडलंस?"

भिवरेनं पाणी दिलं. बाईनं घोट घेतला, आत पाहिलं. "पोर कुणाची?"

"माझी."

"मग अशी दुसऱ्याची असल्यासारखी का ठेवलीस?"

भिवरेनं सगळं सांगितलं. बाई उंबऱ्यावर टेकली. "देवीनं हे मागितलं होतं?"

"देवी तोंडानं मागत नाही. आपण ओळखायचं."

"बरं ओळखलंस. मावशीनं लेकराला खाऊ आणावा, आणि त्यानं तो मावशीच्याच पायावर ओतावा. मावशीला कसं वाटेल गं?"

भिवरा खाली बघू लागली. बाईनं हातभर दोरा तोडला, तिच्या हातात दिला. "सात गाठी मार. दर गाठीला तुझं एक सुख सांग. खरं सांगशील तर गाठ बसेल."

भिवरा म्हणाली, "धनी पोटभर जेवले की मला सुख." गाठ सुटली.

"हे त्याच्या पोटाचं सुख. त्याचं तो सांगेल."

"घरात लक्ष्मी नांदावी, दारी गाय असावी." गाठ सुटली.

"ही आरती झाली. सुख सांग."

मग भिवरा हळूच म्हणाली, "गरम भाकरीच्या पापुद्र्यात गुळाचा खडा ठेवायचा. विरघळला की उभ्यानंच खायचा, सासूबाई यायच्या आत."

गाठ बसली. बाई हसली. "आता कशी बोललीस."

मग दुसरी गाठ, मान वळवली की येणारा शेवंतीचा वास. तिसरी, रहाटाच्या घरघरीत बेसूर गाणं, कारण रहाट सगळं झाकून घेतो. तेवढ्यात मंजीनं डोळे उघडले. चौथी, खळ लावलेल्या ओल्या सुताचा वास. पाचवी, पाठीवरचं सकाळचं ऊन. सहावी, मांडीवर झोपलेल्या मंजीचं ओझं. मंजीनं कूस बदलली, आईकडं तोंड केलं.

"सातवी?"

"संपलं, बाई."

"संपलं नाही. दाताखाली धरलंयस."

भिवरा म्हणाली, "धाकट्याचं जावळ. तेल लावलं की त्याला वास यायचा." मग म्हणाली, "पण हे मी सोडलं नाही. हे गेलं."

"गेलं म्हणून सुख नव्हतं?"

"होतं."

"मग बांध."

भिवरा रडत रडत गाठ आवळू लागली. दोनदा दोरा हातून निसटला, तिसऱ्यांदा गाठ बसली. कोपऱ्यातून मंजी म्हणाली, "आई, मला घे."

भिवरा धावली. पोर छातीशी धरली, तिथंच भिंतीला टेकून बसली. मग पाय धरायला वाकली, तशी बाईनं तिला वर धरलं.

"माझे मुलगे, आई?"

"ते यायचे नाहीत. तुला खोटं सांगत नाही. तू गूळ खाल्लास म्हणून ते गेले नाहीत, आणि सोडलास म्हणून राहिले नसते. दरसाल श्रावणातल्या शेवटच्या शुक्रवारी नवा दोरा घे. आपल्या सुखांच्या सात गाठी मार, गेलेल्यांची एक त्यात असू दे. जुना दोरा तुळशीत पूर. त्या दिवशी सातांतलं एक तरी सुख भोग. उतू नको, मातू नको, पण सुकूही नको."

पाटी उचलली, बाई गेली. आळीत विचारलं, तर कुणी तिला पाहिलं नव्हतं.

मंजी जेवू लागली, बोलू लागली. पाय मात्र बारीकच राहिला, जन्मभर लंगडत चालली. पुढच्या श्रावणात भिवरा दोरा घेऊन बसली. अंबूकाकी म्हणाली, "दोन लेकरं पोचवली, आणि ही सुखं मोजतेय." भिवरेचे डोळे भरले. तिनं काकीला पाट दिला, दोरा दिला, म्हणाली, "काकी, तुम्हीही बसा. तुमचं एक सांगा." काकी पाटावर टेकली, दोरा हातात घेतला. तिचंही एक लेकरू गेलेलं होतं.

जशी सुखाई भिवरेला भेटली, तशी तुम्हांआम्हां भेटो. कुणाच्या अंगणात तसा ताप न येवो, आणि आलाच तर सातवी गाठ बांधायचं बळ येवो. साठ बोलांची ही कहाणी पाच बोलांत आटोपली, सुफळ झाली, संपूर्ण झाली.