टाकीची दृष्ट

हिवरवाडीची नवी पाण्याची टाकी पहिल्यांदा भरली आणि त्याच दिवशी उभी चिरली. बायकांच्या डोक्यावरचे हंडे काही उतरले नाहीत. टाकी बांधली होती सरपंच निळकंठरावांच्या मेहुण्याने, त्यामुळे टाकीसमोर ग्रामसभा भरली तरी त्याचं नाव कुणी घेईना.

"काम पक्कंच होतं," सरपंच म्हणाले. "आपली प्रगती शेजारच्या गावाला बघवली नाही. त्यांची नजर लागली! बांधकामात खोट असती, तर मेहुण्याकडून उद्याच नवी बांधून घेतली असती."

मागे बसलेल्या अनसाकाकू उठल्या. "खरंय, दादा. अशी टाकी बघून कुणाच्याही पोटात दुखेल. आधी तिची दृष्ट काढू या."

सरपंच खूश झाले. काकूंनी पेटती शेगडी मागवली, मीठ-मिरच्या टाकीसमोर ओवाळल्या आणि निखाऱ्यांवर टाकल्या. क्षणात सगळी सभा खोकू लागली. शेगडीजवळ मिरवत उभे असलेले सरपंच तर सगळ्यांत जास्त.

"पुरे, काकू! केवढा हा ठसका!"

"हो ना," काकू पदराने डोळे पुसत म्हणाल्या. "नजर लागलेली असली, तर मिरच्यांचा ठसका येत नाही. हे मला तुमच्या आईंनीच शिकवलं. म्हणजे शेजारचं गाव सुटलं, दादा. मग मेहुण्यांना उद्याच बोलवायचं ना?"

सरपंचांना पुष्कळ बोलायचं होतं, पण खोकला थांबेना. खोकताना त्यांची मान वरखाली हलली, आणि गावाने तोच होकार धरला.