दम धरा

एकदा एक वृद्ध डॉक्टर आपल्या शिष्येला हृदयाची चित्रे वाचायला शिकवीत होते. एमआरआयच्या बोगद्यात माणूस निजला की यंत्र ठोक्यागणिक एक, अशी साठेक चित्रे घेते. ती एकावर एक नेमकी बसली, तरच हृदयाच्या भिंतीत रक्त कुठे पोचते आणि कुठे नाही, हे कळते. पण माणसाने श्वास घेतला की काळीज बोटभर वरखाली होते आणि चित्रांची घडी विस्कटते. म्हणून तेवढा वेळ श्वास रोखायला सांगायचे असते. शिष्या हुशार होती, आणि हुशार माणसांना असते तेवढी घाई तिलाही होती.

माघात रामलिंग गुरव नावाचे सनईवाले तपासणीला आले. त्यांच्या चित्रांत भिंतीवर काळा डाग दिसला, म्हणजे तिथे रक्त पोचत नव्हते. शिष्येने तसा अहवाल लिहिला, डॉक्टरांनी सही केली. गुरवांना औषध सुरू झाले, आणि फेरतपासणीपर्यंत सनईला तोंड लावायचे नाही, असे तिने त्यांना बजावले. वैशाखात लेकीचे लग्न आहे, असे ते चाचरत म्हणाले. जिवापेक्षा सनई मोठी का, असे विचारून तिने त्यांना गप्प केले.

ज्येष्ठात गुरव परत आले. या वेळी बोगद्यातल्या माणसाला सूचना द्यायच्या माईकपाशी डॉक्टर स्वतः बसले. चित्रे स्वच्छ निघाली, डागाचा मागमूस नव्हता. औषध लागू पडले म्हणून शिष्या हरखली. डॉक्टरांनी मात्र माघातली चित्रे उघडली आणि एकेक चित्र जरा वर, जरा खाली सरकवीत आधीच्यावर नीट बसवले. शेवटचे बसले, तेव्हा जुन्या चित्रांतलाही डाग नाहीसा झाला होता. तो मुळात नव्हताच.

"मी तीनदा सांगितलं होतं, दम धरा म्हणून," ती म्हणाली. "तरी हे श्वास घेतच राहिले."

डॉक्टर उठले, बाहेर बाकांवर सकाळपासून ताटकळलेल्या वीसेक माणसांपुढे उभे राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "दम धरा." एक आजी पुटपुटल्या की सकाळपासून दुसरे काय करतोय. एकाने तंबाखूची डबी काढली. बाकीचे मागे टेकून बसले. डॉक्टर आत आले. म्हातारपणी यांना हे काय सुचले, ते शिष्येला कळेना.

"श्वास कुणी रोखला?" त्यांनी विचारले.

कुणीच रोखला नव्हता.

"तुझा शब्द चुकीचा नव्हता. ऐकणाऱ्याच्या कानात तो जरा सरकून बसला, एवढंच. चित्र सरकलं तर ते सरकवून बसवता येतं. शब्द सरकला तर माणसालाच विचारावं लागतं, काय समजलात म्हणून. तू विचारलं नाहीस. आणि मी चित्रं न उघडता सही केली. आता जा, त्यांना खरं काय ते सांग."

तिने गुरवांना सगळे सांगितले, स्वतःची चूकसुद्धा. ते रागावले नाहीत. रागावले असते तर तिला बरे वाटले असते.

"तुमी दम धरा म्हनला," ते म्हणाले, "मला वाटलं यळ लागनार. म्या आपला निवांत पडून ऱ्हायलो. श्वास कोंडाय सांगितला असता तर कोंडला असता की. सनईवाल्याला त्ये काय अवघड हाय?"

लग्न कसे झाले, हे तिने भीत भीत विचारले.

"झालं झ्याक. सनई स्पीकरवर लावली हुती. अक्षता पडताना पोरगी तेवडी सारकी माझ्याकडं बघत हुती."

त्या दिवशी तिने माघातली साठ चित्रे पुन्हा उघडली. एकही जागचे हलले नव्हते, सगळी आता नेमकी बसली होती. वैशाख मात्र निघून गेला होता.

तेव्हापासून ती रोग्याला बोगद्यात निजवण्याआधी विचारते, "मी आत्ता काय म्हणाले, ते मला करून दाखवा बघू."