अभ्रकाचा शेवटचा पापुद्रा

फार पूर्वी, वीज माणसाचं ऐकायची, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, थोरांनी लक्षात ठेवावी.

एका डोंगरावर नगर होतं. पाणी मात्र खाली नदीत. राजाने आभाळातली वीज तांब्याच्या तारेत कोंडली आणि तिच्याकडून मोठं चाक फिरवून घेतलं. चाक पाणी वर चढवी. त्यावर सारं नगर जगे.

वीज बाहेर उसळू नये म्हणून तारेवर अभ्रकाचे पापुद्रे लाखेने चिकटवून गुंडाळले होते. लाखकाम करणाऱ्या एका बाईने ते केलं, त्याला तीस वर्षं झाली. आता ती म्हातारी झाली होती. दर सणाला लोक चाकाला हार घालत. वेष्टणावर वरून ताज्या लाखेचा हात फिरवत. ते नव्यासारखं चकाके. आत कोणी पाहत नसे.

एकदा म्हातारी चाकाशेजारच्या हौदावर पाण्याला आली आणि थबकली. वेष्टणातून बारीक चर्र चर्र येत होतं. वीज पडल्यावर येतो तसा उग्र वासही होता.

ती तडक दरबारात गेली. "महाराज, तारेच्या वेष्टणातून चर्र चर्र ऐकू येतंय. चाक थांबवा. आठ दिवसांत तार नव्याने गुंडाळते."

प्रधान हसला. "आजी, कानात माशी गेली असेल!"

"माशी असती तर घरीही गुणगुणली असती, प्रधानजी."

"ऐन उन्हाळ्यात आठ दिवस पाणी बंद? तीस वर्षं काही झालं नाही, ते आताच होणार?"

चाकाला इजा करणाऱ्याला हद्दपारी, असा तिथला कायदा. तो ठाऊक असूनही म्हातारीने मान वर केली.

"तेव्हा मी घाई केली. लाख नीट दाबली नाही. आत तिळाएवढी पोकळी राहिली. तिथे वीज ठिणग्या टाकते आणि अभ्रक कुरतडते. वेष्टण फुटलं तर तार जळेल, चाक कायमचं बसेल. चूक माझी. शिक्षा नंतर द्या, आधी चाक थांबवा."

राजाने चाक थांबवलं. लोक घागरी घेऊन डोंगर चढले. म्हातारीला शिव्याही दिल्या.

वेष्टण उलगडलं. आत पांढरी भुकटी निघाली. वाळवीच्या वाटांसारख्या काळ्या रेषा एकामागून एक पापुद्रा पोखरत गेल्या होत्या. शेवटचा एकच शाबूत होता. नखापेक्षा पातळ.

प्रधानाचा चेहरा उतरला. राजाने तो पापुद्रा कपाळाला लावला.

"सोसलं याने, आणि हार आम्ही चाकाला घातले," तो म्हणाला. "आजी, तुझ्या घाईने तार धोक्यात आली. तुझ्या खरेपणाने नगर वाचलं. शिक्षा नाही. आम्ही तुझे ऋणी आहोत."

म्हातारीचे डोळे भरले. हात मात्र थांबले नाहीत. या वेळी तिने एकेक पापुद्रा दाबून, हवा काढून बसवला. नवव्या दिवशी पाणी पुन्हा डोंगर चढलं. शिव्या देणाऱ्यांनी पहिली घागर तिच्या दारात नेऊन ठेवली.

एवढंच शिकायचं: जो मुकाट्याने सोसून आपल्याला जपतो, त्याचे उपकार तो तुटण्याआधी ओळखावेत.