राखेची रेघ

"कोणीतरी आपल्या मानासाठी पिकलेलं अन्न कुजू दिलं आहे, आणि तो इथेच बसला आहे."

विहारातल्या भिक्खूंच्या सभेत शास्ता, म्हणजे बुद्ध, एवढेच बोलले. एका माळिणीने विहाराला आंबे दिले होते. ज्येष्ठ स्थविरांनी पहिले फळ उचलल्याशिवाय वाटप करायचे नाही, अशी तिथली रीत होती. ते गावोगाव सत्कार घेत फिरत राहिले, कोठार सांभाळणारा भिक्खू रीतीला धरून थांबला आणि आढीचा तळ काळा पडला. शास्त्यांनी मग एक जुनी गोष्ट सांगितली.

फार पूर्वी करंडपुरात अरिंजय राजाचे राज्य होते. बोधिसत्त्व तेव्हा त्याचा अमात्य भद्रसेन म्हणून जन्मले होते. त्या राज्यात मळणी झाली की भाताच्या राशीभोवती राखेची रेघ ओढत. राजा स्वतः खळ्यावर येऊन पहिले माप घाली, राजभाग बाजूला निघे, मगच धान्य घरी जाई. त्याआधी रेघ ओलांडणाऱ्याचा हात तोडत.

त्या वर्षी मळणी आटोपली तरी राजा शिकारीच्या नादात रानातच होता. भद्रसेन गावे पाहत फिरत असताना पश्चिमेला अवेळी ढग चढले. रेघेपलीकडून राशीचा वास त्याच्या नाकात शिरला. धान्य दमट होऊ लागले होते. त्याला वर्षभराची रिकामी चूल दिसली, आणि खळ्यावरच्या कोंबड्या हाकलणारी बाई दिसली, जिला हेच भात शिजवायचे होते.

त्याने पायाने रेघ पुसली.

गावचा ग्रामणी घाबरून पुढे आला. "अमात्य, हात जाईल!"

"माझा जाईल. तुम्ही तुमचे हात कशाला अडकवून ठेवता? टोपल्या आणा."

"आणि राजानं विचारलं तर?"

"मला विचारेल. तू आधी राजभाग मोज, चांगला शिगोशीग."

सगळा गाव धावला. शेवटची टोपली छपराखाली गेली आणि पाऊस कोसळला. शेजारच्या गावी पोचायला मात्र भद्रसेनाला वेळ उरला नाही. वाटेतला ओढा भरून वाहत होता.

पाऊस ओसरल्यावर राजा परतला. बातमी त्याला वाटेतच कळली होती. "कोणत्या हाताने माझी रीत मोडलीस?" त्याने विचारले.

"पायाने मोडली, महाराज. पण टोपल्या या हातांनी उचलल्या, तेव्हा हवा तो घ्या. त्याआधी ओढ्यापलीकडच्या गावी चला. तिथे आपली रीत शाबूत आहे."

राजा गेला. तिथे रास होती तशीच होती, फक्त हिरवी झाली होती. दाण्यादाण्याला मोड फुटून ढीग गच्च विणला गेला होता आणि आतून वाफ येत होती. राजाच्या घोड्याने एकदा हुंगले आणि तोंड फिरवले. राशीशेजारी बसलेली एक म्हातारी उठली आणि तिने लाकडी माप राजापुढे धरले.

"घाला महाराज, पहिलं माप. आम्ही थांबलो होतो."

राजाने राशीत हात घातला. मुठीत चिकट लगदा आला. मग अमात्याच्या हाताचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. त्या गावाला त्याने आपल्या कोठारातून धान्य दिले, आणि त्या वर्षापासून करंडपुरात राखेची रेघ कोणी ओढली नाही.

गोष्ट संपवून शास्ता म्हणाले, "तो ग्रामणी म्हणजे आजचा हा कोठाराचा भिक्खू. ती म्हातारी म्हणजे ही आंबे देणारी माळीण. अमात्य भद्रसेन मीच होतो. राजा कोण, ते त्याचं त्याला कळलं आहे. अन्न वाया जाण्याआधी जी धावते ती करुणा. ती मानपानासाठी खोळंबत नाही."

माळिणीने पदर खोचला.

"भन्ते, वरचा थर अजून चांगला आहे," ती म्हणाली. "बसून काय राहिलात सगळे?"